छपरातून उतरवलेली बाज आणि मी

मित्रांनो, गोठ्याच्या खुंटीवर एक बांबू आणि त्याला गुंडाळलेली विटकी चादर दिसली, तर ती मी. जुनी डोली. नवरीची नव्हे, आजाऱ्याची. माझी गोष्ट तुटक सांगेन. वाट उतरणीची आहे आणि माझ्यात आत्ता फागी आहे.

ताप. चौथा दिवस.

माझा बांबू पोशेरा गावाच्या वरच्या पाड्यामागचा. फागीच्या नवऱ्याने, जिव्याने, तो तोडला, गाठी तासल्या, चादर बांधली आणि पाय मोडलेल्या आपल्या आईला, सुकरीला, माझ्यातून सडकेपर्यंत नेलं. तेव्हा माझं फार कौतुक झालं. पेपरात फोटोसुद्धा आला. मग खुंटी. अंगावर कोंबड्या बसायच्या.

थांबा. खांदा बदलतायत.

खरं सांगू? मला नेहमी भीती वाटते. तिरडीचे बांबू माझ्याच बेटातले. माणसंही तीच. फरक एवढाच, की माझ्यातलं ओझं कण्हतं. आणि फागी मघापासून कण्हलेली नाही.

सकाळचं सांगते. मधु हा जिव्याचा थोरला भाऊ. वसईला वीटभट्टीवर असताना तो प्रार्थनेला जाऊ लागला. आता रविवारी पाड्यावरच्या दोन घरांना येशूच्या गोष्टी वाचून दाखवतो. माणूस मायाळू. तीन दिवस उपाशी राहून तो फागीसाठी प्रार्थना करत होता. आज जिव्याने मला खुंटीवरून काढलं, तसा तो दारात आडवा आला.

"जिव्या, नको. दवाखान्यात नेली म्हंजे आपला विश्वास कमी पडला. तो करील चमत्कार."

जिव्याचा हात माझ्यावर तसाच राहिला. दादाचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

सुकरी लंगडत पुढे आली. "मधु, ती छपराची गोष्ट वाच."

"आता, आये?"

"आता."

मधुने वाचली. येशूने नुकतीच कामाला सुरुवात केली होती. कफर्णहूम गावातलं एक घर माणसांनी भरलेलं. चौघांनी एका लुळ्या माणसाला बाजेवर आणलं. दारातून वाट मिळेना, म्हणून ते वर चढले, छप्पर उसकटलं आणि बाज आत सोडली.

"दुसऱ्याचं छप्पर!" शेजारच्या ढवळूला राहवलं नाही. "मंग शाकारलं कोनी?"

"तू गप रं. मधु, पुढं?"

"त्यांचा विश्वास पाहून येशूने त्याला बरं केलं."

"कोनाचा? लुळ्याचा?"

"नाय आये, आननाऱ्यांचा पन."

"ते काय बोलले?"

मधुने ओळींवरून बोट फिरवलं. "काय नाय बोलले."

"मंग त्याला विश्वास दिसला कुठं?"

मधुचं बोट थांबलं. "आनलं, त्याच्यात," तो हळूच म्हणाला.

"आन तू आननाऱ्यांना दारात अडवतोस."

मधुने पुस्तक मिटलं. "पुढचं टोक माझं," म्हणाला.

ओहोळ आला. दगड निसरडे. ढवळूचा पाय घसरला, मी कलले, मागच्या टोकाला पाड्यावरचाच माघ्या होता, त्याने सावरलं. तेवढ्या हिसक्यानेही फागी हलली नाही.

मधु चालता चालता पुटपुटत होता. "चमत्कार म्हंजे तो दाखवत होता रे, का देवाच्या राज्यात कोनी असं पडून राहायचं नाय. मी त्याचीच परीक्षा घेत बसलो."

"दादा, नंतर," जिव्या म्हणाला. "आता पाय उचल."

सडक. जीप. जिव्याने फागीला माझ्यातून उचललं, तेव्हा चादर ओली आणि गरम होती. जीप जव्हारच्या दवाखान्याकडे गेली. मधु माझ्याजवळ बसून राहिला.

दुपारी फोन आला. "सलाइन लावलंय, दादा. डोळे उघडलेन एकदा. डाक्टर बोलतात, उद्यापर्यंत काय सांगता येत नाय."

मित्रांनो, माझ्या गाठी अधूनमधून ओढून पाहा, चादर उन्हात घाला. प्रार्थना कराल तेव्हा मनापासून करा, पण चालता चालता करा. उद्या काय कळेल, मला ठाऊक नाही. मधुलाही नाही. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजतोय. आम्ही चौथ्या दिवशी निघालो. पहिल्या दिवशीही वाट एवढीच होती.