जिद्द मोजणारा खुंटा

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना खुंटा आहे. मसाका शहराच्या बाजारातल्या सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले आणि केळीच्या सोपटाच्या कड्या वळून सोबत दिल्या. माझे काम सोपे. मुलाने हवे तिथे उभे राहायचे आणि माझ्यावर कडी फेकायची. अगदी जवळून फेकणारा हरायला भितो, फार लांबून फेकणारा सगळे नशिबावर सोडतो. मधली जागा निवडतो त्याच्या अंगी शिकायची जिद्द, असे गावोगावच्या शाळांतून मुले निवडणारे लुबेगासाहेब मानत. जिद्दीच्या मुलांना वसतिगृहाच्या शाळेत फुकट जागा मिळे. "खुंटा खोटं बोलत नाही," साहेब कौतुकाने म्हणत.

मग आम्ही नान्तेझा नावाच्या मुलीच्या शाळेत गेलो. साहेब चहा पीत होते, तेवढ्यात ती माझ्याशी खेळू लागली. कडी माझ्या गळ्यात पडली की एक पाऊल मागे. चुकली की ओठ चावून तिथूनच पुन्हा.

"खुंट्याशी लग्न लावतेस का गं?" पोरांनी चिडवले.

"लावीन! तो तुमच्यासारखा शेंबडा नाही."

मी हरखलो. हिची जागा पक्की!

तोच गावातली वडीलधारी मंडळी आली. मान म्हणून त्यांच्या खुर्च्या थेट माझ्या मागे मांडल्या. आमच्याकडे मुलगी मोठ्यांसमोर गुडघे टेकते. त्यांच्या दिशेने काही भिरकावणे तर दूरच. मुलगे उभ्याने फेकून गेले. नान्तेझाही मधल्या जागेकडे निघाली, पण मंडळींत बसलेली तिची आत्या खाकरली. पोर वळली, पार माझ्याजवळ आली, गुडघ्यांवर बसली आणि हळूच कडी माझ्या गळ्यात घातली.

"गुणाची गं माझी बाय!" आत्या म्हणाली.

"भित्री आहे," साहेब पुटपुटले. त्यांच्या घरीही मुली गुडघ्यांवर बसूनच त्यांना जेवण वाढत. पण ते त्यांच्या ध्यानी आले नाही.

"साहेब, मी लांबूनही..."

"पुरे, बाळ. खुंट्यानं सांगितलंय."

मी काय सांगणार होतो? मी लाकूड.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ती शाळेत नव्हती. आत्याने तिला शहरात धुण्याभांड्यांना ठेवले होते. साहेबांनी "कोण नान्तेझा?" असे विचारले.

आता कपाटामागे मला वाळवी लागली आहे. मित्रांनो, मला वाचवू नका. पण कुणी मुलांची जिद्द मोजायला आले, तर त्यांना एवढे सांगा: आधी त्या खुर्च्या उचला, आणि मग पोरीला हाक मारा.