आयटा, पाळण्यातलं नाव

नावं ठेवण्यात मी पटाईत आहे, हे माझा धाकटा भाऊ अपूर्व कुणालाही सांगेल. पण बाळाचं नाव ठेवायचा हक्कही आमच्याकडे आत्याचाच असतो, आणि बोकाऱ्यांच्या घरात आत्या म्हणजे मी, स्वाती. एकुलती एक. मला स्वतःला मूलबाळ नाही. त्यामुळे हा एवढा एक मान मी किती वर्षं मनात जपला होता, ते माझं मलाच ठाऊक.

अपूर्वच्या बायकोचं, निधीचं, पहिलं बाळ पाचव्या महिन्यातच गेलं. त्या वेळी उत्साहाच्या भरात आम्ही नाव आधीच ठरवलं होतं आणि त्या नावाने तिच्या पोटाशी गप्पासुद्धा मारायचो. पुढे कित्येक महिने ते नाव टीव्हीवर ऐकू आलं तरी निधी उठून दुसऱ्या खोलीत जायची. म्हणून या खेपेला मी लंडनमधल्या ईलिंगहून फोनवर फर्मान काढलं.

"बारशाआधी नाव ठरवायचं नाही, घ्यायचं नाही, मला विचारायचंही नाही. मी पाळण्याशी कानात सांगेन, तेव्हाच सगळ्यांना कळेल."

अपूर्व हसला. निधी म्हणाली, "बरं, ताई." माझ्यापुढे ती नेहमी बरंच म्हणते.

नाव अर्थात मी ठरवलेलं होतं. अन्वी. नागपूरला आईलाही सांगितलं नव्हतं.

पोरगी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, जवळजवळ तीन महिने आधी. वजन नऊशे चाळीस ग्रॅम. टेस्कोतून आणतो ती साखरेची पिशवीसुद्धा तिच्यापेक्षा जड. ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत, नळ्या आणि तारांच्या गुंताड्यात ती पडलेली असायची. शेजारच्या पेट्यांवर नर्सनी रंगीत कार्डं लावली होती. कुठे हत्ती काढून 'ऑस्कर', कुठे चांदण्या काढून 'अमेलिया'. आमच्या पेटीवर नुसतं 'बेबी गर्ल बोकारे'. बारावा दिवस वॉर्डातच उजाडला. बारसं घरी आल्यावर करू, मी म्हटलं. घरी केव्हा येणार, हे डॉक्टरही सांगत नव्हते, आणि येणार का, हे आम्ही विचारत नव्हतो.

मी पॅडिंग्टनहून गाडी पकडून दर आठवड्याला जायची. त्या दिवशी पंधरा जानेवारी होती, किंक्रांत. खरं तर किंक्रांतीला मी महत्त्वाचं काही करत नाही, पण फार्मसीतून रजा त्याच दिवसाची मिळाली. तिळगुळाचा डबा घेऊन गेले. दुपारचे दोन वाजले असतील. मी आल्यावर अपूर्व आणि निधी खाली कॅन्टीनमध्ये चार घास खायला गेले, आणि पेटीजवळच्या खुर्चीत मी बसले.

पाचेक मिनिटांनी मशीन किंचाळायला लागलं. ऑक्सिजनचा आकडा झरझर उतरत होता, नव्वद, ऐंशी, सत्तर. पोरीचं तोंड आधी राखाडी झालं, मग निळं. इतक्या लवकर आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात, हे मला सांगितलेलं होतं. सांगितलेलं असणं वेगळं आणि बघणं वेगळं.

वॉर्डातली सगळ्यात जुनी नर्स आली. पांढरे आखूड केस, साठी उलटलेली, आयर्लंडची. धावली नाही. पेटीच्या बाजूच्या गोल खिडकीतून हात घालून तिने पोरीची पाठ दोन बोटांनी चोळली, आणि आत वाकून अगदी घरच्यासारखी हाक मारली.

"आयटा! कम ऑन, आयटा. कम बॅक टू अस."

आणि पोरीने छाती उचलली. एकदा. मग पुन्हा. आकडा चढायला लागला.

माझा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ डोकं भडकलं. माझा स्वभावच तसा आहे, भीती ओसरली की तिच्या जागी राग येऊन बसतो.

"तुम्ही तिला काय म्हणालात?"

"आयटा," ती म्हणाली आणि छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट केलं. "माझं नाव. तिला अजून नाव नाही ना."

"केव्हापासून म्हणताय?"

"दुसऱ्या दिवसापासून. त्या दिवशीही ती अशीच निघाली होती."

"आमच्यात बाळाच्या कानात पहिलं नाव आत्या सांगते. तो हक्क माझा आहे."

तिने हात धुतले, पुसले. मग शांतपणे म्हणाली, "मग वापर ना तो, माय लव. तिला परत बोलवायचं तर काहीतरी म्हणून बोलवावं लागतं."

असं मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. सहा आठवडे. सहा आठवडे त्या जिवाला आईबापानेसुद्धा नावाने हाक मारली नव्हती, का, तर मी बजावलं होतं. नाव घेतलं नाही तर दृष्ट लागणार नाही, असा माझा हिशेब. तिला इथे धरून ठेवायला काही लागेल, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

तासाभराने त्या नर्सची चहाची वेळ झाली, तेव्हा पालकांसाठीच्या छोट्या खोलीत मी तिच्यापुढे तिळगुळाचा डबा धरला. 'तिळगूळ घ्या, गोड बोला'चा अर्थ सांगितला. ती मोठ्याने हसली. "आजच? आज माझ्या नावाचा दिवस आहे. पंधरा जानेवारी, आयटाचा दिवस. आमच्या गावी आज सुट्टी असायची." आम्ही जो दिवस टाकून देतो, तो तिच्याकडे सणाचा. ती बोलली ते इंग्रजीत. मी आपलं मराठीत सांगते.

"मी लिमरिकच्या पश्चिमेकडची. मीही सातव्या महिन्यातलीच. घरात जन्मले, बाहेर बर्फ, पाद्री दोन गावं पलीकडे. आई बेशुद्ध. बाप्तिस्म्याशिवाय मूल गेलं तर त्या काळी आमच्याकडे त्याला दफनभूमीत जागा मिळत नसे. कुंपणाबाहेर, एखाद्या शेताच्या कडेला पुरायचे. तसं होऊ नये म्हणून सुईणीने चहाच्या बशीतलं पाणी माझ्या डोक्यावर सोडलं. नाव कुणी ठरवलंच नव्हतं आणि सुचायला वेळ नव्हता. तिने स्वतःचं देऊन टाकलं."

"आणि तुम्ही जगलात."

"दिसतंय ना!" तिने तिळाची वडी मोडली. "त्या सुईणीला तिच्या मावशीने सांभाळलं, नाव त्या मावशीचं. मावशीला ते शेजारच्या बाईकडून आलेलं. त्याच्या मागचं मला माहीत नाही. पण आमच्याकडे आईचं नाव लेकीला मिळालं असं झालं नाही. हे ज्यांनी सांभाळलं त्यांच्याकडूनच आलेलं."

"पहिली कोण?"

"पहिली आयटा दीड हजार वर्षांपूर्वीची. मोठ्या घराण्यातली मुलगी. जन्माचं नाव म्हणे वेगळंच होतं. जुन्या आयरिशमध्ये आयटा म्हणजे तहान, असं सांगतात. देवाची तहान लागली म्हणून तिला हे नाव पडलं. लग्न केलं नाही, स्वतःचं मूल नाही. लोक आपली तान्ही पोरं तिच्याकडे आणून सोडायचे आणि ती वाढवायची. त्यातले कितीतरी पुढे संत झाले. एक तर होडीतून महासागरात निघून गेला, अशी कथा आहे. आमच्या गावाजवळ पडक्या चर्चमध्ये तिची कबर आहे. अजून लोक फुलं ठेवतात."

मी इतिहासात कच्ची, पण एवढं मलाही मोजता आलं. ती बाई पोरं सांभाळत होती तेव्हा आपला देवगिरीचा किल्लाही उभा राहिला नव्हता. राज्यं आली, गेली. तिच्या घराच्या भिंती पडल्या. आणि ते एक नाव कुणाच्या तरी ओठांवरून कुणाच्या तरी कानात जात राहिलं. चहाच्या बशीपर्यंत आलं. समुद्र ओलांडून ब्रिस्टलला आलं. आणि इथे, वालाच्या दाण्याएवढ्या एका कानात शिरून त्याने नऊशे ग्रॅमच्या बोकाऱ्यांच्या पोरीला मागे ओढलं. हात जोडावेसे वाटले; कुणाला जोडायचे, ते कळेना.

"इथल्या आणखी कुणा बाळाकडे राहिलं का हे नाव?" मी विचारलं.

तिने कप विसळला, पालथा घातला आणि वॉर्डात गेली.

संध्याकाळी मी निधीला विचारलं, "त्या नर्स तिला स्वतःच्या नावाने बोलावतात, तुला माहीत होतं?"

निधीने मान खाली घातली. "हो, ताई. मी त्यांना थांबवलं नाही. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. पण कुणीतरी तिला हाक मारतंय, एवढंच मला बरं वाटायचं."



पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा मीच ठरवलं होतं, आता बारशाची वाट बघायची नाही. आज सगळ्यांसमोर अन्वी म्हणायचं. निधी बाळासाठी काढलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवायला गेली होती, अपूर्व गाडी लावत होता. त्यांची वाट बघत मी पेटीजवळ उभी होते आणि मशीन पुन्हा किंचाळलं. ऐंशी. सत्तर.

नर्स आयटा समोरच्याच पेटीशी होती, पण तिचे दोन्ही हात दुसऱ्या बाळात अडकलेले. मान वळवून तिने मशीनवर नजर टाकली. "स्वाती, हात सॅनिटाइझ केलेस ना? घाल आत. पाठ चोळ. आणि बोलव तिला."

मी हात घातला. पाठ कसली, माझ्या दोन बोटांत मावली. अन्वी माझ्या जिभेच्या टोकावर होतं. किती वर्षांचा माझा मान, माझं नाव, माझा क्षण. पण त्या पोरीने ते कधी ऐकलंच नव्हतं. अनोळखी हाकेला कोण कशाला मागे वळेल?

"आयटा," मी म्हणाले. मग ओरडलेच. "आयटा! ये गं बाई. परत ये. आत्या आहे इथे."

बोटांखाली बरगड्या हलल्या. एक श्वास. मग दुसरा. ओठ गुलाबी झाले. मी मान वर केली तेव्हा समोरून ती म्हातारी नुसती बघत होती, आणि मला वाटलं, तिच्या मागे बायकांची रांग लागली आहे, पार धुक्यात गेलेली, आणि सगळ्या माझ्या हाताकडे बघताहेत.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी बारसं झालं, अपूर्वच्या घरी. पाळणा फेसबुकवरून कुणाकडून तरी आणलेला, त्याला शेवंतीच्या माळा. आई नागपूरहून फोनच्या पडद्यावर. पोरगी अडीच किलोची, ठणठणीत आवाजाची. आयटाला मी खास बोलावलं होतं. ती निळा फ्रॉक घालून आली, हातात बागेतल्या स्नोड्रॉप्सच्या पांढऱ्या फुलांचा शेवटचा झुबका.

बायका पाळण्याभोवती जमल्या. प्रथा अशी की आत्या वाकून कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पाळण्यातलं नाव या सांगणार," मी म्हणाले. "व्यवहारातलं मी सांगते. अन्वी."

"ताई, अगं, तुझा मान—" अपूर्व म्हणाला.

"गप्प बस. मान माझा आहे, म्हणून तर मी देतेय."

आयटाला आधी कळेना. मी तिला समजावलं, की पाळण्यातलं नाव माणसाचं आयुष्यभर राहतं, पत्रिकेत, घरात, देवापुढे. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. तिने माझं मनगट धरलं.

"त्या दिवशी तू विचारलं होतंस, आणखी कुणाकडे राहिलं का," ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्षांत मी खूप बाळांना या नावाने हाक मारली. जी घरी गेली, त्यांना आईबापांनी आपापली नावं दिली. जी घरी गेलीच नाहीत आणि ज्यांच्या आईबापांना नाव सुचलंच नाही, ती माझं घेऊन गेली. अकरा आयटा गेल्या, स्वाती. हे नाव घेऊन घरी आलेली ही पहिली."

मी तिला खांद्याला धरून पाळण्याशी नेलं. ती वाकली. कुर्र तिला जमलं नाही, पण नाव तिने नीट सांगितलं, आणि पोरगी डोळे उघडून तिच्याकडे बघायला लागली.

"घाला गं धपाटे!" मी म्हणाले, आणि पहिला मीच घातला. मग निधीने, मग सगळ्यांनी. ती म्हातारी रडत होती आणि हसत होती, आणि आम्ही सगळ्या तिच्या पाठीवर हात मारत होतो.