रिकामा नसलेला किनारा

जुना म्हणा, लाकडी खोका म्हणा, मित्रांनो, मला चालेल. बिचारा मात्र म्हणू नका! मी कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावरचा कॅमेरा आहे आणि माझी मान अजून ताठ आहे.

माझी पेटी महोगनीची, भाता चामड्याचा. बोटीतून उतरलो तेव्हा कोरा करकरीत होतो. ग्लॅडिना मावशीनं मला घेतलं आणि थेट किनाऱ्यावर नेऊन उभं केलं. इतर फोटोवाल्यांकडे रंगवलेले पडदे असत. मावशीचा पडदा म्हणजे वाकडं बदामाचं झाड आणि त्याखाली बांधायला घेतलेली होडी. लग्न असो, बाप्तिस्मा असो, लंडनला निघालेला मुलगा असो, सगळे तिथेच उभे राहायचे. "हसू नका, हलू नका," मावशी दरडावायची आणि काळ्या कापडाखाली शिरून स्वतःच हसायची. गावातल्या घराघरांत माझं काम भिंतीवर लागलं होतं. मला त्याचा गर्व होता. अजून आहे.

एके दिवशी राजधानीहून हॅझलवूड नावाचे साहेब आले. त्यांना किनाऱ्यावर हॉटेल बांधायचं होतं.

"बाई, एक झकास फोटो हवाय," ते म्हणाले. "वाळू, समुद्र, आकाश. माणसं, जाळी, शेळ्या काही नको. ही अर्धवट होडीही हलवा."

होडी बांधणारे कॉस्मोर काका हातातला रंधा ठेवून उठले. "बांधायला घेताना तळाच्या लाकडावर रम शिंपडली की होडी पाण्यात जाईपर्यंत हलवायची नसते. आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे."

"एका फोटोपुरती हो! सरकारला दाखवायचंय, जागा पडीक आहे म्हणून."

झालं! साहेबांच्या तोंडून खरं निसटलं. किनारा रिकामा दिसला की सरकार तो हॉटेलला देणार. मग काकांची होडी, गावाची मासेमारी, सगळं बंद. माझा भाता रागानं फुटायचा बाकी होता. मावशीनं मला नेहमीच्याच जागी, झाडासमोर उभं केलं.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. एव्हडना मासेवाली टोपली घेऊन माझ्यापुढे येऊन ठाकली. तिच्यामागे जाळी ओढणारे, धुणं घेतलेल्या बायका आणि शेळ्यासुद्धा.

"अहो, बाजूला व्हा!" साहेब ओरडले.

"कुठे होऊ?" एव्हडना म्हणाली. "मागे घर, पुढे समुद्र. पाहुणे तुम्ही, तुम्हीच व्हा की!"

"बाई, असल्या फोटोचे मी पैसे देणार नाही."

"नका देऊ," मावशी कापडाखालून म्हणाली. "तुमच्यासाठी काढतंय कोण?"

आणि तिनं फोटो टिपायचा रबरी फुगा दाबला. अख्खं गाव मी एका घासात गिळलं.

पण साहेब कसले गप्प बसतात! त्यांनी दुसरा फोटोवाला आणला. पुढे किनारा हॉटेलला द्यायचा का, यावर गावातच सुनावणी झाली, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी त्याचा फोटो वर धरला. किनारा आमचाच, पण चिटपाखरू नाही. होडी शिताफीनं चौकटीबाहेर ठेवलेली.

मावशीनं मी त्या दिवशी काढलेला फोटो टेबलावर ठेवला. एव्हडनानं भिंतीवरून काढून आणलेला आपल्या लग्नाचा फोटो त्याशेजारी ठेवला. मग एकेक जण उठला. सगळे फोटो त्याच झाडाखालचे, मागे होड्या. टेबलावर जागा उरली नाही.

"मग या एका फोटोत कोणीच कसं नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"रविवारची सकाळ असणार, साहेब. सगळं गाव प्रार्थनेला गेलेलं असतं," मावशी म्हणाली. "हॅझलवूडसाहेबांनाच विचारा, देवाच्या वेळेला ते वाळूत काय करत होते?"

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. किनारा गावाकडेच राहिला आणि होडी त्याच वाळूवरून पाण्यात गेली.

आता खाऱ्या हवेनं माझ्या भिंगावर बुरशी चढलीय, भाता फाटलाय. किनाऱ्यालगतच्या एका दुकानाच्या खिडकीत मला शोभेला ठेवलंय. ठेवू देत! माझा संताप होतो तो वेगळ्याच गोष्टीनं. खिडकीतून मला दिसतं, पाहुणे फोन उंचावतात आणि जाळं विणणाऱ्याला म्हणतात, "जरा सरका ना, फोटो छान येईल."

मित्रांनो, मला पुसा नाहीतर पुसू नका. तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याला मात्र जपा, त्याला खोटं बोलायला लावू नका. आज ज्याला तुम्ही फोटोतून काढता, त्याला उद्या कोणीतरी गावातूनच काढतं.