चार ते पाच : शिवकन्या, अभ्यास

परमेश्वर पुण्याहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला आणि पेडगावातल्या त्या घराला पहिल्यांदा कळलं, की आपल्याकडे वेळ नावाची वस्तू आहे आणि ती वाया चालली आहे. परमेश्वर परभणीतल्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. आयुष्यात महत्त्वाचं काय ते ठरवा आणि त्याला आधी जागा द्या, असं तिथल्या तज्ज्ञाने सांगितलं होतं. परमेश्वरने ठरवलं आणि त्याचा फ्लेक्स छापून आणला.

वाढदिवसाचा लागतो, निवडीचा लागतो, मग वेळापत्रकाचा का नको? चार बाय सहा. वरच्या कोपऱ्यात हात जोडलेला परमेश्वर, खाली 'शुभेच्छुक : मित्रमंडळ', कारण त्या ओळीशिवायचा नमुना फ्लेक्सवाल्याकडे नव्हता. मधे तिघांचे तीन रकाने. परमेश्वरच्या रकान्यात ध्यान, चालणे, वाचन, चिंतन, गाठीभेटी. आई धुरपताबाईच्या रकान्यात हरिपाठ आणि विश्रांती. बायको शिवकन्याच्या रकान्यात मात्र अक्षरं बारीक करावी लागली होती, एवढी कामं. त्या गर्दीत लाल रंगात एक ओळ होती : चार ते पाच, अभ्यास.

शिवकन्या गावातली अंगणवाडी सेविका. पर्यवेक्षिकेच्या जागा निघाल्या होत्या. तिला चव्वेचाळीस पूर्ण झालेली. वयात बसणारी ही शेवटची परीक्षा, आणि हातात पंचवीस दिवस. नवऱ्याच्या प्रशिक्षणांवर तिचा विश्वास नव्हता, पण त्या लाल ओळीवर ठेवून बघू, असं तिने ठरवलं.

वेळेचं नियोजन नीट बसावं म्हणून परमेश्वरने महिनाभराची रजा टाकली.

पहिल्याच दिवशी चारच्या ठोक्याला शेजारचे लिंबाजी फ्लेक्स बघायला आले.

"बघा, बायकोला सुद्धा रोज एक तास दिलाय," परमेश्वर लाल ओळीवर छडी ठेवून म्हणाला. "या येळात तिला कुणी हाक मारायची न्हाई." मग आत तोंड करून म्हणाला, "अगं, दोन कप टाक."

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चौघं आले. तिसऱ्या दिवशी सगुणाबाई सुनेला घेऊन आल्या. "लय नशीबवान हाईस बाई," त्या म्हणाल्या, "आमच्याला तर घड्याळ सुदीक कळत न्हाई." शिवकन्या तेव्हा चहाचं दुसरं आधण गाळत होती.

चौथ्या दिवशी तिने फ्लेक्स नीट वाचला. "ओ, तुमच्या गाठीभेटी बी चार ते पाच, माझा अभ्यास बी चार ते पाच."

"म्हणून तर आमी बाहेर अन् तू आत. नियोजन हाय त्यात."

"अन् चहा?"

"चहाला काय लागतंय? पाच मिनिटं."

हा पाच मिनिटांचा चहा रोज पाचपर्यंत चालायचा. दूध, साखर, कपबशा, मग 'बसा की', मग पुन्हा कपबशा. अठरा दिवसांत तिची अकरा पानं झाली. गावात परमेश्वरचं नाव झालं.

परीक्षेला आठवडा उरला तेव्हा रविवारी त्याचे साहेबच मोटारीने आले. चार वाजले होते. शिवकन्या पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली.

"अगं, साहेब आलेत," परमेश्वर दाराशी कुजबुजला.

"मग फ्लेक्स वाचून दाखवा."

"चहा..."

"पाच मिनिटं लागतेत म्हनं."

धुरपताबाई आल्या. "माय, घरी आलेला मानूस बिनचहाचा जायलाय. गाव काय म्हनंल?"

"आत्याबाई, तुमची विश्रांती चालू हाय आता. पडा."

मग स्वयंपाकघरात डबे उघडायला लागले. शिवकन्या आवाजावरून ओळखत होती : हा ओव्याचा, हा हळदीचा, हा पुन्हा ओव्याचा. 'वरच्या फळीवर' हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले. तिने तोंडावर हात ठेवला. पहिली वीस मिनिटं त्यातच गेली.

"बाई वेळेच्या पक्क्या दिसतात," बाहेर साहेब म्हणाले.

"सर, ही शिस्त मीच लावली," परमेश्वर म्हणाला.

शिवकन्याने पान उलटलं. उरलेल्या चाळीस मिनिटांत तिने चाळीस प्रश्न सोडवले.

साहेब इतके खूश झाले, की पुढच्याच रविवारी अकरा वाजता कार्यालयात परमेश्वरचं व्याख्यान ठरलं. सपत्नीक.

"त्या दिवशी माझी परीक्षा हाय," शिवकन्या म्हणाली.

"अगं, पण समोर तू नसलीस तर उदाहरण कुणाचं देऊ?"

"फ्लेक्स न्या. त्याच्यावर हाय की मी."

रविवारी सकाळी आठच्या ऑटोने ती परभणीला गेली. परीक्षा केंद्राच्या फाटकावर पोलीस उभा होता. एकदा आत गेलं की दोन तास बाहेर यायचं नाही, आणि बाहेरचं माणूस, कुणी का असेना, आत सोडायचं नाही, असं तो दरडावून सांगत होता. रांगेतल्या बाया घाबरल्या. शिवकन्या मात्र पुढे झाली आणि तिने दोनदा विचारून घेतलं :

"नक्की ना दादा? दोन तास कुणीच येनार न्हाई ना आत?"