पाटी वाचणारा माणूस

सासूबाईंना जुन्या वनस्पती उद्यानात न्यायची कल्पना सुनेचीच. घरात विषय काढायला गेलं की भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो समोर येई आणि ती दुसरंच काही बोलू लागे. तो जाऊन चार वर्षं झाली होती. आता कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. तिचंही मन होतं. आज सासूबाईंना सांगायचंच, असं ठरवून ती निघाली होती. सांगून झालं की काचघरापाशी थांबलेल्या चष्मेवाल्याला ती बोलावणार होती.

पण सासूबाईंना कुठली उसंत! शे-दीडशे वर्षांपूर्वी जहाजांतून आणून लावलेली झाडं ती. प्रत्येकाच्या बुंध्याला हात लावून त्यांची विचारपूस चाललेली.

“अगं बाई, केवढा हा घेर! याला कुणीतरी वेळेवर जेवायला घालतं वाटतं.”

“आई, एक सांगायचं होतं,” असं सून दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा पाण्याची बाटली पुढे केली.

काचघरासमोरच्या बाकावर सासूबाईंनी डबा उघडला. पलीकडे चष्मेवाला एका ताडाची पाटी वाचत उभा होता.

“आई, एक—”

“आधी त्या बिचाऱ्याला बोलाव,” सासूबाई म्हणाल्या. “दोन ओळींची पाटी, मघापासून वाचतोय. एवढ्या वेळात शाळेतलं पोर अख्खं पुस्तक संपवेल.”

सुनेनं एकदा ताडाकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे. “तुम्हाला कसं कळलं?”

“भिंतींना कान असतात, आणि आपली भिंत तर पातळ. फोनवर जरा हळू बोलावं माणसानं. डबा तिघांचा भरलाय मी.”

सुनेला रडू फुटलं. तो माणूस तिला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण या बाईनं संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप एकटीनं उघडायचं, हे तिला सोसवत नव्हतं.

“मी गेल्यावर तुम्ही एकट्या पडाल, आई.”

लेकाच्या आठवणीनं सासूबाईंचेही डोळे भरले होते. रुमालानं त्यांनी आधी सुनेचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

“पडेन की. लेक सासरी गेल्यावर कुठल्या आईला घर खायला उठत नाही? म्हणून कुणी लेक घरी ठेवून घेतं का?”