मधली भिंत

सुतारकाकांनी करवत टांगायला मधल्या भिंतीत खुंटी ठोकली आणि इकडं आमच्या आईच्या अंगावर मातीचं ढेकूळ पडलं. आई अंथरुणाला खिळलेली, कूसही बदलता येत नाही तिला. मी तणतणत शेजारी गेलो.

"काका, हातोडा आवरा! भिंत काय तुमच्या एकट्याची आहे?"

"मग तुझ्या एकट्याची आहे व्हय? अर्धी माझी हाय. माझ्या अर्ध्यात मी काय बी करीन."

तेवढ्यात कडाड् आवाज झाला. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

ही घरांची रांग वीटभट्टीवाल्यानं आपल्या मजुरांसाठी बांधली, तीही टाकाऊ विटांची. दोन घरांत मिळून एकच भिंत. कंजूष माणूस, दुसरं काय! पुढं मजूर गेले, आम्ही कारागीर आलो. पोरंबाळं वाढली, खोली काही वाढेना. मग माझ्या बापानं गुपचूप भिंत पोखरून कोनाडा काढला. नेमका त्याच जागी पलीकडून काकांच्या बापानंही काढला, तोही गुपचूप. पलीकडची अर्धी शाबूत आहे, असं दोघंही धरून चालले. आता तड्यातून मला काकांच्या घरातून आमचा कंदील दिसत होता.

"आई आत आहे," माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

काकांनी भांडण तिथंच टाकलं. एक जाड वासा खांद्यावर घेतला आणि आमच्या घरात धावले. तुळई करकरत होती. तिला टेकू देता देता ते माझ्यावर खेकसले, "बघतोस काय? वढ खाट!"

मी ती ओढत रस्त्यावर आणली.

टेकू तगला. सगळी रांग रस्त्यावर जमली होती. "बाकीच्या घरांत नाही ना असं?" सुतारकाकूंनी विचारलं. जो तो खाली बघायला लागला.

दिवस कलला तशी आई कण्हायला लागली. "मला आत ने रे. उघड्यावर भ्या वाटतं."

"आई, भिंत पडंल."

"मग दुसऱ्या भिंतीला टाक खाट."

मी आत जाऊन शिंपीदादांकडच्या दुसऱ्या भिंतीवर बोटं वाजवली. आवाज पोकळ आला. पलीकडूनही कुणीतरी वाजवत होतं, ते थांबलं.

"शिंपीदादा, तुमच्यात पण कोनाडा हाय का?" मी विचारलं.

"हाय," ते म्हणाले. अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं.

मी खाट खोलीच्या मधोमध टाकली.