बाद झालेल्याचा चेहरा

मैदानाच्या डाव्या कडेची भिंत नेरेइदाने रंगवली होती. गावातून अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये गेलेल्या आणि तिथे वर्षानुवर्षं नाव गाजवलेल्या खेळाडूंचे चेहरे तिच्यावर ओळीने होते. शेवटची चौकट मात्र पांढरी होती.

पांढरी, पण रिकामी नव्हे. त्या चुन्याखाली एल्विन होता. पहिल्याच मोसमात त्याने असे काही होमरन ठोकले की गावाला धीर धरवला नाही. नेरेइदाने त्याला रंगवला आणि पुढच्या वर्षी तो चेंडू टाकणाऱ्या पिचरांच्या हाती सापडला, संघातून गेला. गावच्या क्रीडा मंडळाने चेहऱ्यावर चुना फिरवायला लावला, तोही नेरेइदाच्याच हातून. एल्विनची आई, दोन्या मिरेया, समोरच यानिकेके, म्हणजे मैद्याच्या कुरकुरीत पुऱ्या, तळून विकायची. त्या दिवशी तिने शेगडी फिरवून भिंतीकडे पाठ केली, ती आजतागायत.

आता गावच्या संताचा उत्सव तोंडावर आला होता आणि मंडळाला चौकट भरून हवी होती, सध्या तिकडे खेळणाऱ्या गावच्या दोन पोरांपैकी एकाच्या चेहऱ्याने. नेरेइदाला एकच भीती होती: आणखी एका आईच्या डोळ्यांदेखत चुना फिरवायची वेळ येऊ नये.

"होनील मोता!" दुकानाबाहेरच्या टेबलावर डॉमिनोची सोंगटी आपटून डॉन सिप्रियान म्हणाला. गावातल्या निम्म्या पोरांना बॅट धरायला त्यानेच शिकवलं होतं. "दुसरं नाव काढायचं असेल तर या टेबलापासून लांब जाऊन काढ."

"एल्विनच्या वेळीही तुम्ही असंच सोंगटी आपटून बोलला होतात."

"अगं, होनीलने मे महिन्यात मारलेला चेंडू अजून खाली आलेला नाही. तिकडची विमानं जपून उतरतात म्हणे!"

टेबलावर हशा पिकला. "आणि नेल्फी कालकान्यो?" तिने विचारलं.

"गुणी पोरगं आहे. पण त्याच्या बॅटीला अजून दात यायचेत."

"मला दोघांचे बाद होतानाचे व्हिडिओ बघायचेत."

"बाद होतानाचे? चित्र काढणार आहेस की शोकसभा भरवणार?"

"होमरन मारताना कोणीही देखणाच दिसतो, डॉन सिप्रियान. एल्विनला मी तसल्याच फोटोवरून काढलं होतं."

वीज गेली होती, टीव्ही बंद होता. ती फोन घेऊन बसली. होनीलचा फटका पाहून तिच्याही अंगावर काटा आला. टाचेपासून मनगटापर्यंत ताकद एका लाटेसारखी चढत जायची. पण बाहेर जात खाली बुडणाऱ्या चेंडूवर तो फसला की बॅट आपटायचा, आकाशाकडे बघायचा आणि पुढच्या वेळी तशाच चेंडूवर पुन्हा फसायचा.

नेल्फीही त्याच चेंडूवर बाद झाला. पण परतल्यावर तो बाकावर बसला नाही. बाकासमोरच्या पायरीवर उभा राहून पिचरकडे बघत राहिला. नेरेइदाने चित्र थांबवून मोठं केलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं हवेतच वाकली होती, नसलेला चेंडू पिचरसारखा धरून पाहत होती. दुसऱ्या खेपेला त्याने तो चेंडू सोडून दिला. तिसऱ्या खेपेला क्षणभर थांबून असा उजवीकडे ढकलला की दोन बेस सहज मिळाले.

एका सामन्यावर तिचा विश्वास बसेना. तिने दुसरी शहरं पाहिली, दुसरे पिचर पाहिले. तो पायरीवर उभा नाही असा सामना मुद्दाम शोधला. एकच सापडला, त्यात त्याचा घोटा बांधलेला होता आणि तो बसून बघत होता, बोटं तशीच वाकवून. तीन वर्षांपूर्वी फटक्याच्या वेळी त्याचा मागचा पाय घसरायचा. आता घसरत नव्हता.

तिने फोन डॉन सिप्रियानपुढे धरला. त्याने एकदा पाहिलं, मग सोंगट्या बाजूला सारून पुन्हा पाहिलं.

"चोर आहे गं हा," तो हळूच म्हणाला. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "पिचरच्या मुठीतून चेंडू काढून घेतोय. आणखी दहा वर्षांनी लोक याच्याशी इतरांना ताडून पाहतील. मंडळाशी मी बोलतो."

दोन दिवसांनी भिंतीवर नेल्फी उभा राहिला: पायरीवर, नुकताच बाद झालेला, नजर समोर, बोटं वाकलेली.

"बॅट तरी दे गं त्याला!" डॉन सिप्रियान खालून ओरडला. "बस चुकलेला वाटतोय!"

शिडीपाशी दोन्या मिरेया आली होती, हात तेलकट. चुन्याखाली आपला मुलगा कुठे आहे हे तिला नेमकं ठाऊक होतं.

"पुढच्या वर्षी हा पडला तर?" तिने विचारलं.

"पडलेलाच काढलाय, दोन्या मिरेया. पुसायला कारण कुठून आणतील?"

ती बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. "माझा एल्विन बाद झाला की खाली मान घालायचा," ती म्हणाली. "कोणी सांगितलंच नाही त्याला, की तेव्हा बघायचं असतं."

मग ती परत गेली आणि शेगडी वळवू लागली. पूर्ण नाही, मान जराशी फिरवली की भिंत दिसेल, एवढीच.

"मिरेया, माझे यानिकेके करपतायत!" डॉन सिप्रियान ओरडला.

"करपू देत," ती म्हणाली, "गप्प बस जरा." आणि तिने मान फिरवली.